पहिलीच गाडी टर्बो? माझं मत: आधी दोन वर्षं साधी गाडी चालवू दे

सिन्नरचा_मामा

भाचा २१ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी हिंजवडीत नोकरीला लागला. लायसन्स अठरा पूर्ण होताच काढलं, पण त्यानंतर गाडी हातात आली ती फक्त सुट्टीत घरी आल्यावर, तीही शेजारी बाबा बसलेले असताना. सगळं मिळून हजारभर किलोमीटर झाले असतील. आता त्याने २०१८ची एक पोलो जीटी टीएसआय पसंत केली आहे. १.२ लिटर टर्बो (म्हणजे जास्तीची हवा आत ढकलून ताकद वाढवलेलं इंजिन), १०५ पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप), सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ही त्याच्या आयुष्यातली पहिली गाडी. बहिणीने माझं मत विचारलं, मी स्पष्ट नको म्हणालो. तेव्हापासून भाच्याने माझा फोन उचललेला नाही.

नको का म्हणालो ते सांगतो. मीही बावीस वर्षांचा होतो. जुलै महिना, ताम्हिणी घाट, मित्राच्या वडिलांची दोन लिटरची टर्बो डिझेल सेडान, गाडीत आम्ही चौघं. मागच्या सीटवरून आवाज आला, "दाब की जरा, बैलगाडी आहे का ही?" मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो, पुढे डावं वळण. दाबला. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग सगळा जोर एकदम आला. स्टिअरिंग वळवलेलं, चाकं वळलेली, आणि गाडी मात्र नाकासमोर सरळ निघाली. मी घाबरून ब्रेकवर उभाच राहिलो. कठड्याने आम्हाला अडवलं. मित्राचं गळ्याचं हाड मोडलं. कठडा नसता तर आज हे लिहायला मी नसतो.

ती गाडी वाईट नव्हती. माझा पाय कच्चा होता. अशा पायाला कमी ताकदीची गाडी बऱ्याच चुका माफ करते, जास्त ताकदीची करत नाही. त्यातही चांगल्या गाडीत वेग कळतच नाही. आवाज नाही, थरथर नाही, काटा शंभरावर आणि वाटतं सत्तरवर आहोत. ऐंशीऐवजी शंभरला ब्रेक दाबला तर थांबायला दीडपटीहून जास्त अंतर लागतं. हे पुस्तकात वाचून अंगात मुरत नाही, त्याला किलोमीटरच लागतात.

म्हणून माझं म्हणणं: पहिली दोन वर्षं ऐंशी-नव्वद पीएसची साधी पेट्रोल गाडी. मग हवी ती घे, मी स्वतः शोरूमला सोबत येईन. तुमचं मत काय?

टर्बो_पिंपरी

मामा, तुमच्या भाच्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं, म्हणून लिहितोय.

माझी पहिली गाडी आय२० एन लाइन. १ लिटर टर्बो, १२० पीएस. घेतली तेव्हा मी बावीसचा होतो. तीन वर्षांत ३८ हजार किलोमीटर झाले, विम्याचा एकही क्लेम नाही.

घरातली मोठी माणसं "साधी गाडी" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काय असतं? काकांची जुनी, दीड लाखात मिळणारी, एअरबॅग नसलेली, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली गाडी. "ठोकली तरी चालेल" अशी. अहो, गाडी ठोकली तर आत मुलगा असतो! आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं २०१९मध्ये. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये यातलं काहीच नसायचं. याउलट भाच्याने निवडलेल्या जीटी टीएसआयला दोन एअरबॅग, एबीएस आणि ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आहे. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने दोन एअरबॅगची पोलो आपटली, तिला चार तारे मिळाले. आपली सगळ्यांची लाडकी स्विफ्ट, मागच्या पिढीची, २०२२च्या चाचणीत एका ताऱ्यावर थांबली. नियम मधल्या काळात कडक झाले हे मान्य, तरी मी माझ्या धाकट्या भावाला कशात बसवेन हे मला नीट ठाऊक आहे.

आणि एक विचारू का? ताम्हिणीतल्या त्या गाडीला ईएसपी होतं का? वळवलेली चाकं आणि सरळ निघालेली गाडी, नेमकं यासाठीच ते असतं. ते आपणहून इंजिनाचा जोर कमी करतं आणि हवं त्या चाकाला ब्रेक लावतं.

ऊसपट्टा_फलटण

शहरातल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आमच्याकडे चार महिने कारखाने चालू असतात. रात्रीचे नऊ, दोन पदरी रस्ता, पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ट्रॅक्टरवाला गाणी लावून पंधरा-वीसच्या वेगाने चाललाय. त्याला ओलांडायचं म्हणजे तेवढी लांबी उजव्या बाजूने काढायची. माझ्या जुन्या गाडीत चौघं बसले आणि एसी चालू असला की दाबून दाबून जीव जायचा आणि समोरचे दिवे जवळ यायचे. आता टर्बो आहे. तिसऱ्या गिअरला टाकली की काम लवकर उरकतं. उजव्या बाजूला जितका कमी वेळ तितका जीव सुरक्षित. ताकद म्हणजे फक्त मस्ती नव्हे.

स्टिअरिंग_शिकवतो_ठाणे

फलटणकर, तुमचं बरोबर आहे, पण ते *तुमच्यासाठी* बरोबर आहे. तुम्हाला समोरच्या दिव्यांवरून अंतर कळतं. नवीन पोराला ते कळत नाही. साध्या गाडीत तो विचार करतो, "जमणार नाही, थांबू." टर्बोत विचार करतो, "जमेल." मला भीती वाटते ती या "जमेल"ची.

चौदा वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. माझ्या बाजूला वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, त्यामुळे शिकणाऱ्याचा पाय काय करतो हे मला माझ्या तळपायात जाणवतं. साध्या इंजिनात जेवढा पाय तेवढा जोर, हिशोब सरळ. छोट्या टर्बोत पंधराशे आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं असतं. पोरगा दाबतो, गाडी हलत नाही, म्हणून आणखी दाबतो. तेवढ्यात टर्बो जागा होतो आणि सगळा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, एकदम चाकांवर येतो. मामांच्या ताम्हिणीच्या वळणावर हेच झालं. सरावलेला माणूस हे आधी ओळखतो आणि पाय हलका ठेवतो. नवा ओळखत नाही, तो त्याचा दोष नाही.

आता आमच्याकडची खरी गोष्टही सांगतो. माझा क्लास वीस दिवसांचा, रोज अर्धा तास. म्हणजे दहा तास. त्यात पाऊस नाही, रात्र नाही, घाट नाही. लर्निंग काढल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. टेस्ट पास झाला की त्याच संध्याकाळी कितीही पीएसची गाडी घेऊन तो समृद्धीवर जाऊ शकतो, जिथे कारला १२०ची मर्यादा आहे. अडवणारा नियम एकही नाही.

मेलबर्नची_मावशी

दहा तास वाचून मी थबकले. आमच्याकडे व्हिक्टोरियात एकवीसच्या आतल्या मुलाला टेस्टच्या आधी १२० तासांची नोंदवही भरावी लागते. माझ्या मुलाची नोंदवही भरायला आम्हाला दीड वर्ष लागलं. पाऊस असेल तर पाऊस लिहायचा, रात्र असेल तर रात्र. दर फेरीला शेजारी बसलेल्याची सही. मी आणि नवरा आलटून पालटून बसायचो. भांडणंही झाली गाडीत, पण त्याच्या पायातला फरक महिन्या-महिन्याला दिसत गेला.

लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्ष लाल "पी" पाटी, नंतर तीन वर्षं हिरवी. आणि या चर्चेतला नेमका प्रश्न इथल्या कायद्यानेही हाताळलाय. "पी" पाटीवाल्याला जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. पण मर्यादा कुठे आहे ते बघा: दर टन वजनामागे १३० किलोवॅट. भाच्याच्या पोलोचा हिशोब मी केला. १०५ पीएस म्हणजे ७७ किलोवॅट, वजन साधारण ११०० किलो, आकडा येतो सत्तरच्या आसपास. १५० पीएसची व्हर्टस जीटी धरली तरी नव्वदच्या आतच. म्हणजे भारतात ज्यांना आपण स्पोर्टी म्हणतोय त्या गाड्या इथे नवशिक्याला खुशाल चालतात.

मग इथे कडक काय आहे? लाल पाटी असताना गाडीत १६ ते २१ वयाचा एकच सोबती चालतो. भावंडं चालतात, मित्रांची टोळी नाही. फोन हँड्सफ्रीसुद्धा नाही. दारू शून्य.

मामा, तुमची गोष्ट मी दोनदा वाचली. त्यात मला इंजिन दिसलं नाही. मला मागच्या सीटवरचा तो आवाज ऐकू आला.

सिन्नरचा_मामा

मावशी, हे वाक्य मला लागलं. वाईट अर्थाने नाही. इतक्या वर्षांत ती गोष्ट मी अनेकदा सांगितली, दर वेळी गाडीला नाहीतर स्वतःला दोष दिला. आम्ही चौघं होतो हे मी सांगायचो, पण त्याच्यावर कधी थांबलो नाही.

पिंपरीकर, ईएसपी नव्हतं. तुमचा मुद्दा मान्य. जुनी, बिनएअरबॅगची गाडी द्या असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. २०२४च्या नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग आणि ईएससी (म्हणजे ईएसपीच, नाव वेगळं) सगळ्या मॉडेलना आहेत, ८२ पीएस. मला तसं काहीतरी हवंय. सुरक्षा आणि ताकद यांची गाठ बांधायची गरज नाही.

टर्बो_पिंपरी

नव्या गाडीला पैसे लागतात, मामा. सहा लाखांत सेकंडहँड घेणाऱ्याला ईएसपी हवं असेल तर पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यात नेमकी ही "मस्तीवाली" गाडी येते.

गॅरेज_सांगली

गाडीची ताकद बाजूला ठेवा, मला त्या *विशिष्ट* गाडीबद्दल बोलायचंय. २०१८ची, म्हणजे आधीच्या मालकांनी कशी चालवली? असली गाडी कुणी भाजी आणायला घेत नाही. दर महिन्याला माझ्याकडे एक तरी अशी येते: इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) रीमॅप केलेला, म्हणजे ताकद वाढवायला त्याचा प्रोग्रॅम बदललेला, बाहेरचा एक्झॉस्ट, खाली बसवलेले स्प्रिंग. विकताना एक्झॉस्ट काढून मूळचा लावतात, रीमॅप तसाच राहतो. घेणाऱ्याला वाटतं १०५ची घेतली, असते १३०ची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने असले बदल करताच येत नाहीत. उद्या अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार.

टायर बघा. बाजूला चार आकडे असतात. २३१८ लिहिलं असेल तर तो टायर २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला, म्हणजे गाडीबरोबरच आलेला. नक्षी भरपूर दिसेल, पण रबर कडक झालेलं असतं. नखाने दाबून बघा, दगड लागतो. अशा टायरवर पावसात ईएसपीसुद्धा किती करणार? रस्ता शेवटी रबरच धरतं.

आणि डीएसजी, म्हणजे ड्युअल क्लच गिअरबॉक्स. चढावर रांगत चालवून बघा, झटके देतो का. बिघडला तर दुरुस्तीचा आकडा लाखाच्या पुढे जातो. एकवीस वर्षांच्या पोराच्या पहिल्या पगारातून हप्ता, पेट्रोल आणि हे, जमणार कसं? मग टायर बदलायचे पुढे ढकलले जातात.

दोन_मुलांची_आई_नगर

मी गाड्यांतली जाणकार नाही. पण १९ मे २०२४ला कल्याणीनगरला जे झालं, पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, त्यानंतर माझा मुलगा गाडीची किल्ली मागतो तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तो म्हणतो, "आई, तुझा माझ्यावर विश्वास नाही." विश्वास आहे. पण त्या दोघांच्याही आया घरी वाटच बघत होत्या ना? आपण सगळे गाडीत बसलेल्यांचा विचार करतोय. गाडीसमोर येणाऱ्याला एअरबॅग नसते.

टर्बो_पिंपरी

ताई, तुमची भीती खरी आहे, तिच्यावर मी वाद घालणार नाही. फक्त तिथे सतरा वर्षांचा मुलगा होता, लायसन्सच नव्हतं. रीतसर शिकून, स्वतःच्या पगारातून गाडी घेणाऱ्याला त्या मापाने मोजू नका एवढंच.

कोल्हापुरी_गिअर

वेगाची आवड असणं गुन्हा न्हाई. आमच्याकडं कार्टिंगचा ट्रॅक हाय. मी महिन्यातनं एकदा जातो. पहिल्यांदा गेलो तवा दर वळणाला गोल फिरलो, टायरच्या भिंतीवर आपटलो, कुणाला काय झालं न्हाई. चाक कधी सुटतं ते बुडाला कळतं, डोक्याला न्हाई. भाच्याला तिथं न्या मामा. हौस तिथं भागवू दे, रस्त्यावर कमी होते, माझा अनुभव हाय.

स्टिअरिंग_शिकवतो_ठाणे

ट्रॅकचं चांगलं आहे, पण ट्रॅकवर समोरून ट्रॉली येत नाही. आत्मविश्वास दुप्पट आणि रस्त्याचा अंदाज तेवढाच, अशीही मुलं मी पाहिली आहेत. दोन्ही हवं.

सिन्नरचा_मामा

काल भाच्याने फोन उचलला. मी हा सगळा मजकूर त्याला पाठवला होता.

शनिवारी ती पोलो बघायला मीही गेलो. टायरवर आकडे सापडले: ४११७. गाडीपेक्षाही जुने! रीमॅपचं विचारल्यावर विकणारा इकडचं तिकडचं बोलायला लागला. ती गाडी आम्ही सोडली. भाचा गाडीत बसून बराच वेळ गप्प होता, मला वाईट वाटलं.

आमचं ठरलंय ते असं. दिवाळीपर्यंत तो दर शनिवार-रविवार माझी अमेझ चालवणार, मी शेजारी. सिन्नर ते नाशिक रात्री, कसारा घाट पावसात. नोंदवही त्याने स्वतःच आणली, शंभर पानी. दिवाळीनंतर गाडी घ्यायची आणि पहिलं वर्ष गाडीत एकच मित्र, हा शब्द त्याने दिला. कुठली घ्यायची यावर अजून जमलेलं नाही. मी साध्या इंजिनावर ठाम आहे, तो टर्बोवर.

टर्बो_पिंपरी

नोंदवही भरली, टायर नवे, मित्र एक, तरीही टर्बो नको? मामा, मग तुमचा आक्षेप नेमका कशावर उरला? मला हे मनापासून समजून घ्यायचंय.

सिन्नरचा_मामा

अजून त्या वळणावर. काल रात्री सिन्नर घाटात त्याने ट्रक ओलांडायला इंडिकेटर दिला, समोर बघितलं आणि परत मागे आला. मी काही बोललो नव्हतो. असं त्याला आणखी पन्नास वेळा करताना बघू दे मला, मग बोलू.