मदत हवी आहे: जुन्या इरकलीच्या अंगातला धागा कोणता?

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर भागातल्या घरांतून जुन्या इरकल साड्या बघायला मिळाल्यात, प्रबंधासाठी. पदराचं लाल रेशीम ओळखलं: सुटा धागा जाळला, केस जळल्याचा वास आला, राख बोटानं चुरली. अडलंय ते अंगाच्या धाग्यापाशी. तो कागदासारखा जळतो, पण चमक रेशमाची. म्हणजे व्हिस्कोस रेयॉन (लाकडाच्या लगद्यापासूनचं कृत्रिम रेशीम), नाहीतर मर्सराइज्ड सूत (कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेनं चमक आणलेला कापूस). दोन्ही सेल्युलोजच, त्यामुळे जाळून फरक कळायचा नाही. वडगावच्या विणकरांना दाखवलं. एक म्हणतात सूत, दुसरे चमकी, म्हणजे रेयॉन. (दोघंही ठाम!)

साड्या परत द्यायच्यात, कापता येणार नाहीत. पदर अंगाला जोडतात त्या कोंडीपाशी निघालेले अर्धा सेंटीमीटरचे तुकडे तेवढे हातात आहेत. आम्लाची चाचणी नको, धागाच विरघळेल. कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप मिळतो, ४०० पटींपर्यंत. व्हिस्कोसवर उभ्या रेघा दिसतात हे माहीत आहे. साध्या कापसाचा पीळही ओळखता येतो, पण मर्सराइज केल्यावर तो बराचसा जातो.

मग एवढ्या तुकड्याचा आडवा छेद घरच्या घरी ब्लेडनं कसा घ्यायचा, धागा कशात धरून? आणि रंगवलेल्या धाग्यात व्हिस्कोसची दातेरी कड ४०० पटींत स्पष्ट दिसते का?