मदत हवी आहे: मामांच्या इंद्रजाल कॉमिक्सचा डेटाबेस नेमका कसा बांधू?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुठे अडलंय ते कळणार नाही, म्हणून वेळ काढून वाचा प्लीज.

माझे मामा मिरजेला असतात, रेल्वेतून रिटायर झालेत, आता ७१ वर्षांचे आहेत. त्यांच्याकडे इंद्रजाल कॉमिक्सचा मोठा साठा आहे. दिवाळीत मी आणि मामेभावाने माळ्यावरून तीन ट्रंका खाली काढून मोजलं तर ६१२ अंक निघाले, बरेचसे मराठी, मग इंग्रजी आणि थोडे हिंदी. जुन्या लोकांना सांगायला नकोच, पण नवीन वाचणाऱ्यांसाठी, टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमनने मार्च १९६४ मध्ये हे सुरू केलं आणि १९९० पर्यंत चालवलं. आधी नुसता वेताळ (म्हणजे फँटम), मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर असे एकेक येत गेले, आणि डिसेंबर १९७६ पासून आबिद सुरतींचा आपला बहादूर. मामा शाळेत होते तेव्हापासून घेतायत, नोकरी लागल्यावर तर ड्युटी संपली की स्टेशनच्या बुकस्टॉलवरून अंक घेऊनच घरी यायचे.

आता डेटाबेस कशाला, तर मामा अजूनही शोधत असतात. पुण्याला आले की अप्पा बळवंत चौक, मुंबईला गेले की किंग्ज सर्कलचे फुटपाथ, शिवाय ओळखीचे रद्दीवाले. गेल्या महिन्यात त्यांनी एक अंक ४०० रुपये देऊन आणला आणि घरी येऊन बघितलं तर त्याच्या दोन प्रती आधीच ट्रंकेत. तिसरी प्रत घेतली म्हणून त्यांना जितकं वाईट वाटलं नाही तितकं "मला आता आठवत नाही गं" हे म्हणताना वाटलं. तेव्हाच ठरवलं की त्यांच्या मोबाइलवर एक यादी असली पाहिजे, दुकानात उभं राहून नंबर टाकला की आहे की नाही ते कळलं पाहिजे.

पहिला प्रयत्न एका मोबाइल ॲपमध्ये केला, १८० अंक भरले, रोज रात्री बसून. मग ते ॲपच बंद पडलं आणि माहिती बाहेर काढायची सोयच नव्हती. नंतर साधी स्प्रेडशीट घेतली आणि तिथे वेगळंच सुरू झालं. इंग्रजी अंकांना ४४३ पर्यंत सलग नंबर आहेत आणि १९८३ पासून खंड २० अंक १ असं चालू होतं. मी ते आकडा-डॅश-आकडा असं लिहिलं तर स्प्रेडशीटने त्याची २० जानेवारी करून टाकली! २० फेब्रुवारी, २० मार्च असं डिसेंबरपर्यंत, आणि तेराव्या अंकापासून पुढे जसं लिहिलं तसंच, त्यामुळे अर्धा कॉलम तारखा आणि अर्धा कॉलम मजकूर, वर सॉर्ट केलं की सगळी खिचडी. मराठी अंकांचे नंबर मी देवनागरीत टाकले होते तर ते १, १०, १००, १०१, २ असे लागतायत. आणि एकदा सीएसव्ही (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून सेव्ह केलं तर सगळ्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली, ती फाइल गेली ती गेलीच.

पण खरी अडचण याच्याही पुढची आहे. मामा कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या पोरांना दिवसाला पाच पैसे भाड्याने अंक द्यायचे. त्यासाठी त्यांनी प्रत्येकावर डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईने स्वतःचा नंबर घातलाय, म्हणजे एकाच अंकावर छापील नंबर वेगळा आणि मामांचा वेगळा. वर अंक फाटू नयेत म्हणून त्यातले बरेच दहा-दहा, बारा-बाराच्या गठ्ठ्यात पुठ्ठा घालून बांधून घेतलेले. बाइंडरने बांधताना काही ठिकाणी मुखपृष्ठं काढून टाकली आहेत, बी. गोविंद यांची ती सुंदर रंगवलेली कव्हरं, जाऊ दे, विषय नको. मुद्दा असा की कव्हर नाही म्हणजे नंबर नाही, महिना नाही, असे ३७ अंक आहेत ज्यांची नुसती गोष्ट हातात आहे. त्यातही तीच गोष्ट मराठीत एका प्रतीत, इंग्रजीत दुसऱ्या, आणि काही गोष्टी पुढे वेगळ्या नावाने परत छापलेल्या.

तर एका ओळीत एक अंक असं धरलं तर बांधलेला गठ्ठा कुठे लिहू? कव्हर नसलेल्याची ओळ कुठल्या नंबरखाली घालू? आणि मराठी-इंग्रजी जोडी कशी दाखवू? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ हेही सांगा. लॅपटॉप जुना आहे, विंडोज आहे, पैसे भरून दरवर्षी काही घ्यायची इच्छा नाही. मला डेटाबेसमधलं बेताचं कळतं, ऑफिसात फक्त तयार फॉर्म भरलेत.

प्रतिसाद १

ताई, मी एका तालुक्याच्या वाचनालयात बारा वर्षं दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला नंबर देऊन नोंद करायची वही) सांभाळली आहे त्यामुळे तुमचा घोळ लगेच ओळखीचा वाटला. तुम्ही अंक आणि प्रत या दोन गोष्टी एकच धरताय. अंक म्हणजे प्रकाशकाने जो काढला तो, मामांकडे असो वा नसो. प्रत म्हणजे जी ट्रंकेत आहे, जिची पिन गंजली आहे, जिच्यावर निळी शाई आहे. या दोन्हीची टेबलं वेगळी करा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतील.

म्हणजे बघा, अंकाच्या टेबलात मालिका (मराठी, इंग्रजी, हिंदी या तीन वेगळ्या मालिका), छापील नंबर, महिना, वर्ष, किंमत. प्रतीच्या टेबलात मामांचा निळा नंबर, अवस्था, कुठे ठेवलंय आणि ती कुठल्या अंकाची प्रत आहे. मामांचा तो निळा नंबर म्हणजे आमच्याकडचा दाखल क्रमांकच झाला, तो अजिबात टाकून देऊ नका, नवीन नंबर पाडायची गरजच नाही, ज्यांच्यावर नाही त्यांना तिथून पुढे चालू करा.

बांधलेला गठ्ठा ही वेगळी वस्तू समजू नका, ती जागा आहे, जशी ट्रंक ही जागा आहे. प्रतीसमोर लिहायचं, हिरवा गठ्ठा, आत सातवा. बास.

कव्हर नसलेल्यांसाठी तिसरं टेबल करा, गोष्टींचं. गोष्टीचं नाव, नायक, चित्रकार माहीत असेल तर तो, आणि वर्तमानपत्रात रोज यायची त्या पट्टीतली की रविवारच्या पानातली. एका अंकात एकापेक्षा जास्त गोष्टी असू शकतात आणि एक गोष्ट चार अंकांत असू शकते, म्हणून मधे एक छोटं जोडणीचं टेबल, ज्यात फक्त अंक कुठला आणि गोष्ट कुठली. मराठी-इंग्रजी जोडी आपोआप दिसेल कारण दोन्ही अंक एकाच गोष्टीला जोडलेले असतील, पुनर्मुद्रणाचंही तसंच. आता तुमच्या ३७ प्रती, त्यांच्या ओळीत अंकाचा रकाना रिकामा ठेवा आणि गोष्ट थेट लिहा. तो रकाना सक्तीचा करू नका हे महत्त्वाचं, सक्तीचा केला की माणूस अंदाजाने काहीतरी भरतो आणि तो अंदाज पुढे खरा मानला जातो. ओळख पटेल तेव्हा भरा.

नंबरासाठी दोन रकाने करा. एकात जसा छापलाय तसा, मजकूर म्हणून. दुसऱ्यात नुसता क्रम, इंग्रजी आकड्यांत, म्हणजे इंग्रजी मालिकेत खंड २० अंक १ ला ४४४ आणि तिथून पुढे. सॉर्ट कायम दुसऱ्यावर करायचं. मराठी अंकांचा नंबर मात्र अंक हातात घेऊनच भरा, इंग्रजी यादीवरून उतरवू नका.

सॉफ्टवेअर म्हणाल तर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि तो हाताळायला डीबी ब्राउझर, दोन्ही फुकट, जुन्या लॅपटॉपवर चालतं, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये असतो, पेनड्राइव्हवर कॉपी केली की बॅकअप झाला. लिब्रेऑफिस बेस पण चालेल, त्यात फॉर्म बनवता येतो, भाऊ भरणार असेल तर त्याला सोपं जाईल. लिनक्सवर टेलिको म्हणून आहे त्यात कॉमिक्सचा तयार साचा येतो, पण ते एका ओळीत एक वस्तू असंच धरतं, तुमच्या कामाला अपुरं पडेल. आणि ग्रँड कॉमिक्स डेटाबेस ही कॉमिक्सच्या नोंदींची वेबसाइट एकदा बघाच, १९९४ पासून स्वयंसेवक चालवतायत, मालिका, अंक, गोष्ट ही रचना त्यांनी किती विचार करून केली आहे ते बघून बरंच शिकायला मिळतं.

प्रतिसाद २

वरच्या दादांनी रचना एकदम बरोबर सांगितली आहे, मी फक्त लिपीचं सांगते कारण मी त्यात पोळले आहे. मँड्रेक हे नाव दोन तऱ्हेने टाइप होतं, एकदा म वर चंद्रबिंदू देऊन मँड्रेक आणि एकदा ॲ ची खूण आणि वर अनुस्वार देऊन मॅंड्रेक. स्क्रीनवर जवळजवळ सारखंच दिसतं पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत, एक शोधला की दुसरा सापडत नाही. ॲ चंही तसंच, एक अखंड अक्षर असतं आणि एक अ ला खूण जोडलेलं. म्हाताऱ्यातला ऱ्य पण दोन प्रकारे येतो. मोबाइलवरून तुम्ही आणि लॅपटॉपवरून भाऊ असं दोघांनी भरलं की हमखास गोंधळ होणार. उपाय असा की नायकांचं छोटं वेगळं टेबल करा, प्रत्येक नाव एकदाच टाइप करा आणि बाकी सगळीकडे यादीतून निवडा. गोष्टींच्या नावांसाठी एक पद्धत ठरवून कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा, खरंच.

सीएसव्ही काढताना युटीएफ-८ (सगळ्या लिपी नीट साठवणारी पद्धत) वाला पर्यायच निवडायचा, नुसता सीएसव्ही नाही, मग प्रश्नचिन्हं येणार नाहीत. आणि नावांनुसार लावलंत तर क्ष आणि ज्ञ आपल्याला शेवटी हवे असतात पण ते क मध्ये आणि ज मध्ये जाऊन बसतील, घाबरू नका, चूक तुमची नाही, तो कोडचा क्रम आहे.

आणखी एक, हवे असलेल्या अंकांची यादी निघायला अंकांच्या टेबलात तुमच्याकडे नसलेले नंबरही आधीच भरून ठेवावे लागतील. ते भरताना इंग्रजीतले १२३ आणि १२४ वगळा, संपामुळे ते दोन अंक छापलेच गेले नव्हते. म्हणून शेवटचा क्रम ८०५ पर्यंत जातो पण प्रत्यक्षात अंक ८०३ आहेत. खरं तर वगळण्यापेक्षा ओळ ठेवा आणि "निघाला नाही" असा शेरा घाला, नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी परत शोधत बसेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण आधी करून बघायचं ठरवलं होतं.

डीबी ब्राउझर घेतलं. सांगितलं तशी टेबलं केली, नायकांचं वेगळं. शनिवार-रविवार मिरजेला जाऊन मामा अंक हातात घेऊन वाचून दाखवतात, मी भरते, आत्तापर्यंत २४० प्रती झाल्यात. वेळ जातो कारण मामा प्रत्येक अंकाशी थांबतात, हा कुणी परत आणून दिला नव्हता, हा कुणाच्या आईने फाडला. ते पण मी शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतेय, दादा, तुम्ही सांगितलं नव्हतं तरी. मला ते छापील किमतीपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

प्रत आणि अंक वेगळे केल्यावर पहिल्यांदा नीट कळलं की ज्याच्या तीन प्रती आहेत असे नऊ अंक आत्ताच निघालेत. यादी मी सीएसव्हीमधून शीटवर टाकून मामांच्या फोनवर ऑफलाइन ठेवून दिली, अक्षरं मोठी केली, त्यांनी स्वतः नंबर टाकून चारदा बघितलं.

आणि ताई, ते १२३ आणि १२४. मामांच्या जुन्या खिशातल्या डायरीत हवे असलेल्या इंग्रजी अंकांची यादी आहे, त्यात हे दोन नंबर सगळ्यात वर आहेत, दोनदा अधोरेखित केलेले. मी त्यांना सांगितलं की हे छापलेच नव्हते. थोडा वेळ बोलले नाहीत, मग डायरी मागून घेतली, पेन घेतलं आणि दोन्हीवर काट मारून समोर तारीख घातली.

आता ३७ पैकी २२ गोष्टी मामांनी नुसत्या बघून ओळखल्या, उरल्या १५. त्यातल्या सहा वेताळाच्या मराठी आहेत, तीन मँड्रेकच्या, बाकी मलाही कळत नाहीयेत. उद्या उजेडात प्रत्येकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून याच धाग्यावर टाकते. ज्यांच्याकडे कव्हरसकट मराठी अंक आहेत त्यांनी फक्त छापील नंबर आणि महिना बघून सांगा, अंदाज नको, खात्री असेल तरच.