दख्खनचं पठार स्थिर, मग कोयना का हलते?

पाटणचा_बंड्या:
शाळेत भूगोलात घोकलेलं की दख्खनचं पठार म्हणजे एकदम स्थिर भाग. आमच्याकडे पाटण तालुक्यात मात्र जमीन हलली तर लोक हातातला चहापण खाली ठेवत नाहीत, आणि म्हातारी माणसं सरळ सांगतात की धरणामुळं होतंय. मग पुस्तक चुकलं की धरणाची ही नुसती अफवा?

खडकवेडा:
अफवा नाही हो. 1962 च्या सुमारास पाणी अडवायला लागले आणि लगेच बारीक धक्के सुरू झाले, मग 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 6.3 चा बसला, कोयनानगर उद्ध्वस्त, 180 च्या आसपास माणसं गेली. तोवर समज काय, तर हिमालय तरुण, अजून घडतोय, म्हणून भूकंप तिकडे, आपला खडक जुना नि थंड. 1970 ला भूकंपाचा नकाशाच बदलावा लागला, त्यात कोयना झोन 4 मध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या यादीत, गेली.

शंकासूर:
मला हे पटत नाही राव. 100 मीटर पाण्याचा दाब म्हणजे 10 वातावरणं, आणि 5 किमी खाली नुसत्या खडकाचाच दाब हजाराच्या वर. 10 ने काय ढिम्म फरक पडणार? आणि मग उजनी, जायकवाडीला का नाही होत असं?

खडकवेडा:
गणित बरोबर आहे पण मुद्दा वजनाचा नाहीच. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराने 1962 मध्ये साडेतीन किमीहून खोल बोअर मारून त्यात कारखान्याचं सांडपाणी ढकलायला सुरुवात केली, तिथे ना धरण ना तलाव, तरी धक्के सुरू! 1966 ला पंप बंद केले तरी मोठे धक्के 1967 मध्ये आले. म्हणजे भेगेत शिरलेल्या पाण्याचा दाब दोन्ही बाजूच्या खडकांची पकड सैल करतो, आणि भेग आधीच सरकायच्या बेतात असली तर तेवढं पुरतं. ताकद सगळी खडकात साठलेली, पाणी फक्त निमित्त. जिथे भेग तशी तयार नाही तिथे धरण भरलं काय नि रिकामं झालं काय, म्हणून जगात हजारो धरणं असून हा ताप मोजक्याच ठिकाणी. तेव्हा बंड्याभाऊ, पठार हिमालयाच्या मानाने शांत आहे हे आजही खरंच, चुकलं ते एवढंच की शांत आहे म्हणजे आत ताण नाही असं धरून चालले.

लातूरकर_ताई:
आणि तो समज कोयनेनंतरही गेला नव्हता हे लिहा की! किल्लारी 1993 ला झोन 1 मध्ये होती, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या यादीत. 30 सप्टेंबरला पहाटे काय झालं ते आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. बेसाल्टच्या खाली भेग होती, वरून दिसतच नव्हती.

शंकासूर:
ताई, किल्लारीला कोयनेएवढं धरण नव्हतं. मग तिथे निमित्त कशाचं?

खडकवेडा:
तिथे वाद आहेच, त्यामुळे दोन्ही एका माळेत ओवू नका. कोयनेचं वेगळं, तिथे पावसाळ्यात पाणी चढलं की धक्के वाढतात, हिवाळ्यात पाणी उतरताना परत वाढतात, आणि 1993 पासून वारणा धरणाच्या बाजूलाही जोर आलाय. म्हणूनच तर कऱ्हाडला संशोधन केंद्र करून कोयना भागात 3 किमी खोल बोअर घेतलं, साधारण 1250 मीटरवर बेसाल्ट संपून थेट ग्रॅनाइट लागला.

पाटणचा_बंड्या:
म्हणजे आमचे म्हातारे बरोबर होते तर. पण हे थांबणार कधी?

खडकवेडा:
60 वर्षं झाली, अजून तरी थांबायची चिन्हं नाहीत. घर बांधताना कॉलम-बीममधलं लोखंड वाचवू नका.