मदत हवी आहे: नीट रिपीट करणाऱ्या बहिणीची कोणती पुस्तकं ठेवू, कोणती काढू?

चाकणकर_मूळ_बार्शी

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमावाला, चाकणला कंपनीत आहे, मेडिकलमधलं मला ओ की ठो कळत नाही म्हणून इथे विचारतोय. धाकट्या बहिणीची यंदा बारावी झाली, स्टेट बोर्ड, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि अकरावीला एकदम सगळं इंग्लिश. मॅथ्स सोडलेलं. नीटला ३३० आले. ती म्हणते एक वर्ष द्या, आई म्हणते देऊ, वडील काहीच म्हणत नाहीत म्हणजे हो समजायचं.

लातूरला ठेवायचं तर क्लास, होस्टेल, मेस धरून जो आकडा सांगतायत तो आमच्या आवाक्यात नाही, म्हणून घरीच अभ्यास आणि वर एखादी टेस्ट सिरीज असं ठरलंय.

आता खरा घोळ. परवा गावी गेलो तेव्हा तिच्या कॉटखालचं सगळं बाहेर काढलं. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं, एनसीईआरटी बायोलॉजी दोन सेट (एक जुना जाड, एक नवा बारीक, कुठला वाचायचा तिलाच माहीत नाही), तालुक्याच्या क्लासची २२ मॉड्यूल्स त्यातल्या ९ चं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही, आतेभावाने लातूरहून आणलेल्या नोटांच्या झेरॉक्स स्पायरल केलेल्या, एचसी वर्माच्या फिजिक्सचे दोन्ही भाग (पहिल्या तीन धड्यांत पेन्सिलीच्या खुणा, पुढे कोरं करकरीत), एमसीक्यूचं उशीएवढं एक गाईड, आणि मोबाईल तर टेलिग्रामवरच्या पीडीएफनी इतका भरलाय की फोटो निघत नाही. त्या क्लासबद्दल बोलायलाच नको, फिजिक्सचे सर नोव्हेंबरात सोडून गेले आणि लेक्चरऐवजी हातात मॉड्यूल्स ठेवली, फी मात्र पूर्ण.

एवढं असून तिने मला अजून तीन पुस्तकांची लिस्ट दिलीय, मैत्रिणीकडे आहेत म्हणून. ४२०० रुपये. पैशाचं नाही हो, पण आधीचंच वाचून झालेलं नाही असं मला वाटतं आणि तसं म्हणालो तर ती रडायला लागली की तुला काय कळतंय.

तर सांगा: (१) नवी पुस्तकं घेऊ का (२) यातलं काय ठेवू (३) फिजिक्ससाठी काय, कारण तिथेच बोंब आहे (४) फॉर्ममध्ये पेपरची भाषा मराठी भरावी का.

खवचट_काका

४२०० वाचवा. पुस्तक विकत घेतलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं, माझ्याकडे व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर टॉवेल छान वाळतात.

डॉ_अर्धवट

काका 😄 पण बरोबर बोललात. मी सध्या इंटर्न आहे आणि मीही एक वर्ष रिपीट केलंय, तेव्हा माझ्याही कॉटखाली हेच होतं.

दादा, ३३० हा आकडा सांगून काही कळत नाही. १८० प्रश्न, बायोचे ९०, फिजिक्स केमिस्ट्रीचे ४५-४५, बरोबरला ४, चुकीला उणे १. विषयवार किती बरोबर, किती चूक, किती सोडले ते पाहिजे. परीक्षा घेणारी एनटीए ओएमआरची (गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन कॉपी आणि आन्सर की दोन्ही देते, तिने तेव्हा डाउनलोड केलं असेल. नसेल तर प्रश्नपत्रिका घरी असेलच, तिच्यासोबत बसा आणि मोजा. ते केल्याशिवाय कुणी पुस्तकं सुचवली तर ऐकू नका, माझंही नाही.

तोवर जुना-नवा सेट. २०२३ ला एनसीईआरटीने पुस्तकं कापली आणि २०२४ च्या नीटपासून एनएमसीचा (मेडिकल शिक्षणाचा केंद्रीय आयोग) नवा सिलॅबस लागू झाला. बायोचे अकरावीचे २२ धडे होते ते १९ झाले, बारावीचे १६ होते ते १३. ट्रान्सपोर्ट इन प्लांट्स, मिनरल न्यूट्रिशन, डायजेशन, एन्व्हायर्नमेंटल इश्यूज वगैरे गेलं. त्यामुळे रोजच्या वाचनाला नवा बारीक सेट. पण जुनं रद्दीत घालू नका लगेच! सिलॅबस आणि नवं पुस्तक तंतोतंत जुळत नाहीत. फुलांच्या फॅमिलीजमध्ये नव्या पुस्तकात सोलॅनेसी तेवढी उरलीय, सिलॅबसमध्ये मात्र माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी अशी नावं आहेत. केमिस्ट्रीत तर सगळ्यात मोठी मेख, बारावीच्या नव्या पुस्तकातून पी-ब्लॉक पूर्ण काढलाय पण नीटला ग्रुप १३ ते १८ आहेच. १३-१४ जुन्या अकरावीच्या केमिस्ट्रीत आहेत (नव्या अकरावीतून तेही गेलेत), १५ ते १८ साठी जुनं बारावीचं केमिस्ट्री लागणारच. हे बदललं तेव्हा निम्म्या पोरांनी पी-ब्लॉक "डिलीटेड" म्हणून सोडून दिला होता.

म्हणून एनएमसीचा सिलॅबस प्रिंट काढून भिंतीला चिकटवा, काय आहे काय नाही हे त्यावरून ठरवायचं.

पोळीभाजी

भाषेबद्दल. माझ्या मुलाने मराठी भरली होती. पुस्तिकेत मराठी आणि इंग्लिश दोन्ही असतं, फक्त इंग्लिश भरली तर फक्त इंग्लिश मिळतं. भाषांतरात गडबड असली तर इंग्लिशचंच खरं धरतात. मराठी पुस्तिका महाराष्ट्रातल्याच सेंटरला मिळते. त्याला वाटलं होतं अडलं की मराठीत वाचू, पण दोन वर्षं सगळं इंग्लिशमध्ये शिकलेलं, मग तंतुकणिका वाचून डोक्यात मायटोकॉन्ड्रिया उगवायला दोन सेकंद जायचे. शेवटी इंग्लिशच वाचत बसला. तुमच्या बहिणीला फिजिक्सचं लांबलचक वाक्य इंग्लिशमध्ये अडत असेल तर मात्र उपयोग आहे. भरायच्या आधी एक पेपर मराठीतून सोडवून बघायला सांगा.

जुना_मास्तर

ज्युनियर कॉलेजला २६ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त. आमच्या बोर्डाच्या मुलांचं दुखणं सांगतो, ते पुस्तकात नाही, लॉग टेबलात आहे. बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल चालतं, मुलं दोन वर्षं प्रत्येक गणित लॉग लावून शेवटच्या दशांशापर्यंत सोडवतात. नीटला लॉग टेबल नाही, कॅल्क्युलेटरही नाही. तिथे पायचा वर्ग म्हणजे १०, जी म्हणजे १०, आणि चार पर्यायांत अंतर बघून अंदाजाने उत्तर गाठायचं असतं. त्यात हिने मॅथ्स सोडलेलं. पहिले १५ दिवस नुसतं बेसिक मॅथ्स करू द्या. ३०-४५-६० चे साइन-कोसाइन, घातांक, साधं डिफरन्सिएशन, आलेखाचा चढ. एका दोनशेपानीत हातानं. यासाठी एक रुपयाचं पुस्तक लागत नाही.

मग एनसीईआरटीची सोडवलेली उदाहरणं, उत्तर झाकून. एचसी वर्मा उत्तम आहे, त्यातला मजकूर वाचावा आणि सोडवलेली उदाहरणं बघावीत, मुलांची समज पक्की होते. मी तर म्हणेन ठेवाच.

डॉ_अर्धवट

सर, आदरपूर्वक असहमत. फिजिक्सला किती मार्क आहेत ते अजून कळलं नाहीये, पण ज्या पोरीने तीन धड्यांनंतर पुस्तक मिटलं तिच्या पुढ्यात तेच परत ठेवलं तर ती पहिल्या आठवड्यातच खचेल. मी स्वतः कव्हर घालून ठेवलं होतं, उघडलं नाही. आधी जुने पेपर.

चाकणकर_मूळ_बार्शी

रविवारी गावी जाऊन आलो. ओएमआरची पीडीएफ तिच्या मेलमध्ये सापडली. दोघं ओट्यावर बसून मोजलं, आधी ती फुगून होती मग तिलाच इंटरेस्ट आला.

बायो ६० बरोबर, १८ चूक, १२ सोडले. म्हणजे २२२.
केमिस्ट्री २२ बरोबर, ११ चूक, १२ सोडले. ७७.
फिजिक्स ११ बरोबर, १३ चूक, २१ सोडले. ३१.

मग मीच डोकं चालवलं आणि म्हटलं बायोच्या १८ चुका पुस्तकात शोध. तर १३ ची उत्तरं तिच्याच एनसीईआरटीत सापडली, आणि तेराच्या तेरा ओळी पिवळ्या हायलायटरने रंगवलेल्या! मी पान बघितलं तर पिवळं नसलेलं वाक्य शोधावं लागत होतं, त्यावर परत गुलाबी, त्यावर निळ्या पेनाच्या रेघा. ती बघतच राहिली. ४ चुका जोड्या लावा टाइपच्या, घाईत वाचलेल्या. एकच प्रश्न असा निघाला जो तिने कधी वाचलाच नव्हता. म्हणजे अठरात एक!

फिजिक्सचं वेगळंच. सोडलेल्या २१ पैकी ९ तिने माझ्यासमोर घरी सोडवले, एक फॉर्म्युला टाकला की उत्तर. तेव्हा का नाही केले विचारलं तर म्हणे फिजिक्स शेवटी घेतलं, अर्धा तासच राहिला होता. बायोतच ऐंशी मिनिटं गेली.

आता सांगा.

डॉ_अर्धवट

दादा, तुम्हाला मेडिकलमधलं कळत नाही म्हणता आणि हे पहिल्याच दिवशी केलंत जे मी रिपीटच्या वर्षात डिसेंबरला केलं.

तेरा पिवळ्या ओळी म्हणजे तिने वाचलंय, आठवत नाहीये. त्याला नवीन पुस्तक हे औषध नाही. ती रंगपंचमीची प्रत बाजूला ठेवा आणि एनसीईआरटी बायोची कोरी प्रत घ्या, एवढीच एक खरेदी. त्यात फक्त पेन्सिल. दोन पानं वाचायची, मिटायचं, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून जे सुटलं त्याच्यापुढे टिंब. आकृत्यांची नावंसुद्धा तशीच, आकृती काढून बाण हाताने. पहिल्या आठवड्यात फार चिडचिड होते कारण दोन पानातलं निम्मंसुद्धा आठवत नाही. माझं ओरिजिन ऑफ लाइफ तीनदा कोरं राहिलं होतं.

बाकीचं: टेलिग्रामच्या पीडीएफ उडवा, फोटोला जागा होईल. मॉड्यूल्समधली थिअरी वाचायची नाही, फक्त फिजिक्स-केमिस्ट्रीची ठेवून मागचे प्रश्न वापरायचे, तेही धडा झाल्यावर. आतेभावाच्या नोट्स त्याला परत. दुसऱ्याने काढलेल्या नोटा वाचायला सोप्या वाटतात, पण लिहिताना जी मेहनत झाली ती त्याची झाली ना. एमसीक्यूचं उशीएवढं एकच ठेवा, बायोला. बालभारती फार्मसीसाठी सीईटी देणार असेल तरच (तिथे निगेटिव्ह नाही आणि अकरावीला वेटेज २० टक्केच), नाहीतर माळ्यावर.

पेपर २०१६ पासूनचे सगळे. २०१६ चे दोन आहेत, मे आणि जुलै. काढून टाकलेल्या धड्यांचे प्रश्न आधी खोडायचे. २०२१ ते २४ मध्ये २०० प्रश्न दिसतील, त्यातले १८० सोडवायचे होते, ते ऑप्शन आता गेले, परत १८० ला १८० मिनिटं.

जुना_मास्तर

डॉक्टर, ११ बरोबर बघितल्यावर तुमचं म्हणणं मान्य. वर्मा दिवाळीपर्यंत माळ्यावर.

चाकणकर, एक करा. दर रविवारी दुपारी २ ते ५, खऱ्या परीक्षेच्या वेळेला, पूर्ण पेपर, ओएमआरची झेरॉक्स घेऊन काळ्या बॉलपेनने. जेवण करून, पंखा असेल नसेल. दुपारी दोनला झोप येणारी मुलं मी पुष्कळ बघितली. बायोला ५० मिनिटांच्या वर गेली की पेन खाली ठेवायचा आणि फिजिक्स उघडायचं, उरलेलं शेवटी. फिजिक्समध्ये पहिल्या फेरीत एक-फॉर्म्युलावाले तेवढेच. ते ९ जर त्या दिवशी झाले असते तर ३६ मार्क तिथेच होते.

खवचट_काका

आणि ओएमआरवर गोल भरायला किती वेळ लागतो तोही मोजा. आमच्या पुतण्याने शेवटी सगळे एकदम भरायला घेतले आणि एक ओळ सरकली.

चाकणकर_मूळ_बार्शी

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. ४२०० ची लिस्ट तिने स्वतःच फाडली. बायोची कोरी प्रत बार्शीतच मिळाली. पी-ब्लॉकच्या ग्रुप १५ ते १८ साठी जुनं बारावीचं केमिस्ट्री तिकडे कुठेच मिळेना, मग मीच सेकंड शिफ्टच्या आधी अप्पा बळवंत चौकात जाऊन तीन दुकानं फिरलो, चौथ्यात मिळालं, ६० रुपये. आत कुणीतरी ग्रुप १६ च्या पानावर बारीक अक्षरात "परत वाच" असं लिहून ठेवलंय, तिला फोटो पाठवला तर हसली.

काल पहिला रविवारचा पेपर दिला, २०१६ चा मे वाला. अडीचला लाईट गेली तरी उठली नाही म्हणे आई. फिजिक्स ५८. पण बायो ५० मिनिटांत उरकायच्या नादात आधीपेक्षा कमी झालं, २०४. हे सुरुवातीला होतं का? आणि जोड्या लावा टाइप परत चुकलेत, त्याचा सराव नक्की कसा करायचा, सुट्टा करायचा की पेपरमध्येच?

न उघडलेली ९ मॉड्यूल्स आहेत, सहा बायोची आणि तीन इंग्लिश ग्रामरची (नीटला ग्रामर कशाला, देव जाणे). कुणाला हवी असतील तर सांगा, एसटीने पाठवतो.