चावडीच्या भिंतीतली महायुद्धाची पाटी

कृष्णाकाठ: सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर आहे. मृतांचा आकडा ऑइलपेंटच्या थरांखाली असा बुजला आहे की तो तीन की आठ, हे बोट फिरवूनही उमगत नाही. युद्ध १९१८ साली संपले, मग १९१९ का? आणि एकाचेही नाव का नाही?

जुनी पलटण: ११ नोव्हेंबर १९१८ रोजी लढाई थांबली; जर्मनीशी व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणून ते साल. अशा एकाच साच्याच्या पाट्या सरकारने अनेक गावांत बसवल्या. आपल्याच जिल्ह्यातील अपशिंगे गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि त्याच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द आजही जोडलेला आहे.

दगडवाचक: नावांची कथा मात्र खिन्न करणारी आहे. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) पडलेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ साली उभारलेल्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली, शिपायांची मात्र पलटणीगणिक नुसती संख्या. याउलट त्याच्या शंभर वर्षे आधी, १८२१ मध्ये पाया घातलेल्या कोरेगाव भीमाच्या स्तंभावर साध्या शिपायांचीही नावे आहेत आणि त्यांतली बावीस ‘नाक’ने, म्हणजे तेव्हाच्या महार नावांप्रमाणे, संपतात. म्हणजे नावे कोरण्याची रीत सरकारला ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही.

जुनी पलटण: तरीही नावे मिळू शकतात. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा; पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव व जिल्हाही दिलेला असतो. मराठा पलटणींचे तेव्हाचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते (त्यांपैकी १०३, ११० व ११७ या मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आल्या), तेव्हा आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग निरनिराळे करून प्रत्येक पलटणीत पाहावे. पाटीला कृपया तारेचा ब्रश लावू नये. रात्री टॉर्च भिंतीला टेकवून आडवा उजेड पाडला, की खोदलेल्या अक्षरांच्या कडा दिसतात.

कृष्णाकाठ: काल रात्री तसे केले. आकडा आठ आहे. गावाला आजवर दोनच घरे माहीत होती.