लाँग बीचहून जपानला निघालेलं जहाज अलास्काकडे कशाला?

सायली_के:
माझे मिस्टर कंटेनर शिपवर सेकंड इंजिनियर आहेत. नोव्हेंबरात योकोहामाहून लाँग बीचला जाताना अ‍ॅपवर जहाज ३५ अंश अक्षांशाच्या आसपास जवळपास आडवंच गेलं. आता परत येताना बघते तर थेट वर, अलास्काच्या बेटांमधून बेरिंग समुद्रात! डिसेंबरात तिकडे कशाला न्यायचं? यांना विचारलं तर म्हणे ब्रिजवाल्यांना विचार, आम्ही खाली इंजिनात. सासूबाई तर जाम घाबरल्यात, कोणी नीट सांगेल का

डेकवाला_७:
ताई घाबरू नका, दोन्ही वेळा हिशोब करूनच नेलंय. पृथ्वी गोल, त्यामुळे योकोहामा ते लाँग बीच सगळ्यात जवळचा रस्ता ४७-४८ अंशापर्यंत वर चढतो, साधारण ४,८०० नॉटिकल मैल. ३५ अंशाने आडवं गेलं तर अडीचशेक मैल जास्त, म्हणजे १५ नॉटने (तासाला १५ नॉटिकल मैल) सतरा तास. हिवाळ्यात त्या वरच्या रस्त्यावर एकामागून एक लो (कमी दाबाची वादळं) येत असतात, ८-१० मीटरच्या लाटा तोंडावर घेतल्या की तेच जहाज ६-७ नॉटवर येतं, मग सतरा तास वाचवायला दोन दिवस घालवायचे कोणी सांगितलेत.
आता परतीचं. आपल्या गोलार्धात लोभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे लोच्या दक्षिणेला पश्चिमेचा वारा, अमेरिकेकडे जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर. लोच्या उत्तरेला मात्र पूर्वेचा, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. म्हणून युनिमॅक पासमधून (अलास्काच्या बेटांमधली वाट) बेरिंगमध्ये शिरायचं, लो बेटांच्या दक्षिणेकडून जाऊ द्यायचा आणि पुढे जपानकडे उतरायचं. बेटांच्या आडोशाने स्वेलही (लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा) कमी लागतो. थंडी असते, डेकवर बर्फ धरतो, तेवढं सांभाळावं लागतं.

जुना_चीफमेट:
बरोबर, पण पाठीवरचा वारा म्हणजे बिनधास्त असं नाही हं. मागून येणाऱ्या लाटांचा ठेका आणि जहाजाच्या रोलचा (डावी-उजवीकडे डोलण्याचा) ठेका जुळला की मोठी कंटेनर शिप बघता बघता ३० अंशाच्या वर झुकते. २०२० च्या नोव्हेंबरात वन एपस नावाची कंटेनर शिप लाँग बीचलाच निघालेली, हवाईच्या वायव्येला खराब हवामानात जोरात रोल होऊन १,८१६ कंटेनर समुद्रात गेले. त्यामुळे नुसता रूट नाही, कोर्स आणि स्पीडही बदलावा लागतो. मेसमध्ये ताटं घसरू नयेत म्हणून टेबलक्लॉथ ओला करून ताटं मांडायला लागले की समजायचं, ब्रिजवरून निरोप आलाय.

सायली_के:
ताटांचं यांनी कधी सांगितलं नाही 😀 पण हे सगळं निघतानाच ठरतं का? आणि उशीर झाला तर कंपनी ओरडत नाही?

डेकवाला_७:
निघताना ठरतो तो कच्चा प्लॅन. लाटांच्या फोरकास्टवर चार-पाच दिवस भरवसा ठेवावा, त्यापुढचा अंदाज नुसता दिशा दाखवायला, आणि क्रॉसिंग तर दोन आठवड्यांचं. राउटिंगवाल्यांचा (हवामान बघून रस्ता सुचवणारी किनाऱ्यावरची मंडळी) मेल रोज येतो, नवीन फाइल लोड करायची, बॅरोमीटर काय म्हणतोय ते बघायचं, मग कॅप्टन ठरवतो. फाइल ताजी आहे ना हे बघणं फार महत्त्वाचं. २०१५ मध्ये एल फारो हे मालवाहू जहाज हरिकेन वाकीनमध्ये बुडालं, ३३ जण गेले, तिथे कॅप्टन ज्या सॉफ्टवेअरवर विसंबला त्यातली वादळाची जागा कित्येक तास जुनी होती, ब्रिजवर सॅटेलाइटने ताजं बुलेटिन येत असूनसुद्धा.

जुना_चीफमेट:
ओरडतात की, चार्टररचे (जहाज भाड्याने घेणाऱ्याचे) मेल वाचून डोकं फिरतं. पण सोलास म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या चॅप्टरमध्ये साफ लिहिलंय, सेफ्टीसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात मालकाने किंवा चार्टररने आडवं यायचं नाही. त्यामुळे अ‍ॅपवर मध्येच १५ चा ८ नॉट दिसला तर सासूबाईंना सांगा, मुद्दाम स्लो केलंय, लो पुढे निघून जायची वाट बघतायत.