धोरण फलकावर लागलं, वही कोरीच

निवृत्त पंच: आपल्या चर्चच्या मंडळीने बालसंरक्षणाचं धोरण मंजूर करून फलकावर लावलं. तरी काही जणांचं 'मुलांबद्दल तक्रार आली की पोलिसांत जा' चालूच. बायबलमधला मत्तय १८ वा अध्याय आहे ना? आधी चुकलेल्या भावाला एकांतात सांगा, मग दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे. घरातलं घरात मिटलं की मंडळीची साक्ष, म्हणजे लोकांतलं नाव, टिकते.

संडेस्कूलवाली: हे वाचता वाचता माझी भाकरी करपली. धोरणात लिहिलंय, वर्गावर दोन मोठी माणसं आणि मूल घेऊन जाणाऱ्याची वहीत सही. जाऊन वही उघडा. जुलैच्या दुसऱ्या रविवारपर्यंत सह्या, पुढे कोरी पानं. पेनाचा दोरा लोंबतोय, पेन गायब. गेल्या महिन्यात एका मुलीला 'काका' घेऊन गेले. कोण काका? मामा निघाला म्हणून बरं, पण तिची आई अर्धा तास आवारात धावत होती.
आणि मत्तय १८ म्हणता, तर आठ वर्षांच्या पोराने त्रास देणाऱ्या माणसाला एकांतात गाठायचं का? त्याच अध्यायात लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायचं लिहिलंय. ते वचन कधी वाचत नाही तुम्ही.

निवृत्त पंच: बाई, भावना समजतो. पण आमच्या वेळी एका पाळकसाहेबांवर खोटा आळ आला होता. बदली झाली, पोरांच्या शाळा तुटल्या. ते कोण भरून देणार?

लंडनचा पुणेकर: इकडचं ऐका. मुलांची ख्रिस्ती शिबिरं चालवणाऱ्या जॉन स्माइथ या वकिलाने मुलांना वेताने झोडपलं, हे १९८२ च्या अंतर्गत अहवालातच होतं. 'घरातलं घरात' ठेवलं. १९८४ ला तो झिम्बाब्वेला गेला, तिथेही मुलांची शिबिरं. चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप वेल्बींना २०१३ मध्ये सांगितलं गेलं, पाठपुरावा झाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा मेकिन अहवाल आला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. स्माइथ तर २०१८ मध्येच मेला, खटला न चालता.

हडपसरकर: एवढं रामायण कशाला, चार कॅमेरे लावा.

तरुणसंघ: पैसे कुठले? हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणाच्या, लिलावात एका भोपळ्याला पाच हजार येतात, ते जातात कुठे?

हडपसरकर: हिशेब वार्षिक सभेत वाचला होता. तुम्ही चहाला गेला होतात.

तरुणसंघ: चहा तरी मिळाला. माझी नवी चप्पल नाताळच्या भक्तीत गेली, तिचा हिशेब कुणी वाचला?

निवृत्त पंच: मागच्या दाराची चावी तरुणसंघाकडेच असते, हेही लिहा.

तरुणसंघ: म्हणजे चोर आम्ही?

संडेस्कूलवाली: चपला नंतर शोधा! पंचसाहेब, पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम १९ आहे. शंका आली तरी कळवायचं, न कळवलं तर कलम २१ ची शिक्षा. सद्हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. खरं-खोटं पोलीस बघतील. आपण न्यायाधीश नाही.

निवृत्त पंच: कायदा असेल. मला अजून पटलेलं नाही. बरं, पेन आणून बांधतो रविवारी. खूश?

संडेस्कूलवाली: पेन बांधून घरी जाऊ नका, वर्ग सुटेपर्यंत वहीपाशी बसा. आणि बॉलपेन आणा, शाईचं पावसात पुसतं.

हडपसरकर: आणि कॅमेरे?